फिशफाइंडर घेताय? मग बोट वर आहे तोवर खाली वाकून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी होती, मच्छीमारांनी जुन्या पद्धती सोडून आता आधुनिक तंत्रज्ञान वापरलं पाहिजे वगैरे. वाचून हसू आलं. अहो, हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी येऊन बघा आणि ज्याच्या बोटीवर जीपीएस नाही असा एक नाखवा शोधून दाखवा. वापरायचं की नाही हा प्रश्न कधीच संपला, कुठलं घ्यायचं, कुठं बसवायचं आणि घेतल्यावर चालवायचं कसं हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपतेय, बोटी वर ओढलेल्या आहेत आणि याच दिवसांत दुकानांत गर्दी असते, तेव्हा छापायचं असेल तर जरा लवकर छापा, ऑगस्टमध्ये छापून काही उपयोग नाही, का ते पुढं येतंच.

माझ्याकडं दोन बोटी, एक बाबांच्या वेळची लाकडी आणि एक फायबरची, दोन्ही गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं लावणाऱ्या. पाच वर्षांपूर्वी लाकडी बोटीसाठी जीपीएस आणि फिशफाइंडर, म्हणजे बोटीखालची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, एकाच डब्यात असलेलं मशीन घ्यायला गेलो. तेव्हा मला काय कळत होतं? शेजारच्याचा पडदा सात इंची, म्हणून आपला नऊ इंची, एवढाच अभ्यास. दुकानदारानं चालू करून दाखवलं, निळं पाणी, खाली लाल तळ, मध्ये माशांच्या कमानीच कमानी, एकदम सिनेमा. तो डेमो मशीनमध्येच भरलेला असतो, दुकानात कुठला आलाय समुद्र, हे माझ्या डोक्यात यायला दोन महिने लागले. बिल ऐंशी हजाराच्या वर गेलं. पाण्याखाली बसतो तो सेन्सर, म्हणजे ट्रान्सड्यूसर, त्याची बिलात वेगळी ओळसुद्धा नव्हती, "तो सोबत फ्री आहे" म्हणाला. मीही खूश, फ्री म्हटल्यावर काय.

मग बसवायला एक पोरगा आला. बोट पाण्यातच होती, त्यानं मागच्या फळीला पट्टी ठोकून सेन्सर लटकवला, बोट ढकलणाऱ्या पंख्यापासून हातभर अंतरावर, चहा घेतला आणि गेला. उभ्या बोटीत खोली बरोबर दाखवत होतं. बाहेर पडलो, इंजिन वाढवलं आणि पडद्यावर पाऊस सुरू, नुसते ठिपके, तळाची रेघ गायब, खोली कधी चार वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) तर कधी एकदम चाळीस. इंजिन बारीक केलं की परत सगळं ठीक. म्हणजे थांबलात की खाली काय आहे ते सांगणार, चालता चालता नाही, मग मासा शोधायचा कसा, दर दहा मिनिटांनी थांबून? तो अख्खा सीझन मी नऊ इंची पडद्यावर फक्त घड्याळ बघितलं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो सेटिंगमध्ये जा, सेन्सिटिव्हिटी कमी करा. कमी केली. पाऊस गेला, पण मासेही गेले.

नंतर एका ट्रॉलरवाल्या मित्रानं समजावलं तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, आणि तेच इथं सांगायचंय. हे मशीन खाली बघत नाही, ऐकतं. सेन्सर आवाजाचा ठोका खाली सोडतो, आवाज समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण दीड हजार मीटर पळतो, तळाला किंवा माशाला आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. तीस मीटर पाण्यात जाऊन येऊन सेकंदाचा पंचविसावा भाग. या सगळ्यात आवाजाचा वैरी कोण तर हवा. पंख्याचा फेस, बोटीच्या पोटाखालून सरकणारे बुडबुडे, हे सेन्सरच्या तोंडाशी आले की आवाज तिथंच परततो, खाली जातच नाही. माझा पाऊस म्हणजे माझ्याच पंख्याचे बुडबुडे.

आणि गंमत बघा, मासा दिसतो तोही हवेमुळंच. माशाचं मांस जवळपास पाण्यासारखंच, त्यातून आवाज आरपार जातो, पण पोटात हवेची पिशवी असते तिला आपटून जोरात परत येतो. घोळीचा बोत माहिती आहे ना, ज्याला सोन्याचा भाव मिळतो? तो बोत म्हणजे हीच पिशवी. त्यामुळं घोळ, कोथ, ढोमा असले मासे पडद्यावर दणदणीत उमटतात आणि कोळंबी, जिला असली पिशवीच नाही, ती तळाला चिकटून असली की काही केल्या वेगळी दिसत नाही. तरी आमच्या एकाला दुकानात सांगितलं होतं की साहेब हे मॉडेल कोळंबी पण दाखवतं. त्यानं घेतलं पण.

आता निवडायचं काय. दुकानात पहिलं सांगतात की हे मशीन तीनशे मीटर खाली बघतं, ते हजार मीटर, एक किलोवॅट पॉवर. अरे पण आम्ही जाळं टाकतो दहा-वीस वाव पाण्यात, लांब गेलो तर चाळीस, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मीटर. तेवढ्याला सहाशे वॅटचं मशीन भरपूर झालं. वॅट बघताना आरएमएस, म्हणजे सरासरी ताकद, लिहिलेला आकडा बघायचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात पीक पॉवर म्हणून हजारोंचा आकडा छापतात तो सोडून द्यायचा. वॅटपेक्षा फ्रिक्वेन्सी महत्त्वाची. साधारण सगळ्या मशीनला ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन असतात. ५० चा आवाज खोल जातो आणि पसरतो, २०० चा कमी खोल जातो पण बारकावा दाखवतो. तीस मीटर पाण्यात २०० चा झोत तळाला दहा-अकरा मीटर रुंद होतो, ५० चा पंचवीसच्या आसपास, सेन्सरप्रमाणं थोडं इकडंतिकडं. आमच्यासारख्यांनी २०० वरच ठेवावं आणि खोल पाण्यात गेलं तरच ५० ला हात लावावा. चर्पवालं मशीन परवडत असेल तर जरूर घ्या, ते एकच सूर न सोडता सुरांची अख्खी पट्टी सोडतं, त्यामुळं तळाजवळचा मासा तळापासून सुटा दिसतो. बोटीच्या बाजूचं फोटोसारखं दाखवणारं साइड स्कॅन वगैरे मात्र आमच्या कामाचं नाही, त्यासाठी वीस-पंचवीस हजार जास्त मोजू नका.

बरं, हे सगळं पाठ केलं आणि सेन्सर चुकीचा बसला तर? परत पाऊस. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये बोट वर ओढल्यावर मी तो मागचा सेन्सर काढून टाकला आणि बोटीच्या पोटाला भोक पाडून आरपार बसणारा घेतला. आमच्या मिस्त्रींनी भोक पाडायच्या आधी मला तीन वेळा विचारलं, "नक्की ना?" चांगल्या बोटीला भोक पाडायचं म्हणजे त्यांच्याही जिवावर आलेलं. जागा ठरवली नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, साधारण एक तृतीयांश लांबीवर, कण्यापासून वीतभर बाजूला, तिथं पाणी स्वच्छ येतं आणि बोट आपटली तरी तो भाग पाण्याबाहेर येत नाही. बोटीचं पोट तिरकं, पण सेन्सरचं तोंड सरळ खाली पाहिजे, म्हणून मिस्त्रींनी लाकडाचे दोन ठोकळे कापले, एक बाहेरून एक आतून, रंधा मारून मारून पाणपातळी लावून बघितली, अख्खी सकाळ गेली त्यात. आणि महत्त्वाचं म्हणजे लाकडी बोटीला सेन्सरचा दांडा ब्राँझचा घ्यायचा. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकचा दांडा आवळून त्याला चीर जाऊ शकते, चीर गेली तर काय होईल ते सांगायला नको. दुकानदारानं मला प्लास्टिकचाच काढून दिला होता, मिस्त्रींनी परत पाठवला. लोखंडी बोटवाल्यांनी उलट करायचं, ब्राँझ लावायचा नाही, धातूला धातू खातो. आणि फायबरची बोट असेल, पोट भरीव असेल, मध्ये फोम किंवा प्लायवूड नसेल, तर भोकसुद्धा लागत नाही, आतून चिकटवला तरी चालतो, थोडी ताकद जाते एवढंच. माझ्या फायबरला तसाच आहे.

दोन बारीक गोष्टी आणखी, ज्या मी स्वतः चुकलोय. सेन्सरची वायर लांब झाली म्हणून कापायची नाही, गुंडाळून ठेवायची, आणि डायनॅमोच्या वायरसोबत एका पाइपात घालायची नाही. बोटीला खाली रंग मारणाऱ्या पोराला आधीच सांगायचं की सेन्सरचं ते काळं गोल सोडून मार, आमच्या पोरानं हौसेनं त्यावरही जाड दोन हात मारले होते.

म्हणून म्हणतो, लवकर छापा. एकदा लाकडी बोट पाण्यात उतरली की मग फक्त मागच्या फळीला लटकवायचाच पर्याय राहतो, आणि दुकानदार ऑगस्टमध्ये तेच करतात.

पडदा वाचायचं पण कोणी शिकवत नाही. चार सीझन झालेला खलाशी सुद्धा पडद्याकडं बघून म्हणतो मासा पुढं आहे. अरे, पुढं नाही, उजव्या कडेला जे दिसतं ते आत्ता बोटीखाली आहे आणि डावीकडं जे सरकलंय ते मागं गेलं. तो नकाशा नाही, बोटीखालून काय काय गेलं त्याची रोजनिशी आहे. माशाची छोटी चित्रं दाखवणारी जी सोय असते ती आधी बंद करा, जेलीफिशचा ढग असो की वाहून आलेलं प्लास्टिक, तिला सगळीकडं मासाच दिसतो. आणि चार-पाच बोटी एका जागी आल्या की एकमेकांचे ठोके एकमेकांच्या पडद्यावर उमटतात, मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका.

आमच्या बाबांचा जन्म १९४८ चा. त्याच साली जपानात नागासाकीकडच्या फुरुनो भावांनी पहिलं चालणारं फिशफाइंडर बाजारात आणलं असं वाचलं तेव्हा मी बाबांना म्हटलं, तुम्ही आणि हे मशीन एका वयाचे. बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते, कनकदुर्गावरचं लाइट हाऊस आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून जागा पकडायचे, दोरीला शिसं बांधून वाव मोजायचे, शिशाच्या बुडाला ग्रीस लावलेलं असायचं, वर ओढलं की ग्रीसला चिखल चिकटलाय, वाळू चिकटलीय की काहीच नाही ते बघायचे. काहीच नाही म्हणजे कातळ, तिथं जाळं नाही टाकायचं. नवीन मशीन त्यांना दाखवलं तर मीटरमधले आकडे बघून तोंड फिरवलं. मग सेटिंगमध्ये खोलीचं माप फॅदम केलं. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपला वावच की. पडद्यावर १४ आलं, बाबांनी बाहेर बघितलं, डोंगर बघितला, म्हणाले, "बरोबर सांगतंय." त्या दिवसापासून पडदा तेच वाचतात. बारीक रेघ आणि लगेच विरलेली असेल तर चिखल, जाड भडक आणि खाली दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावली पडलेली असेल तर कातळ, हे मला पुस्तकानं नाही, बाबांनी ग्रीसच्या हिशोबानं समजावलं.

आता जीपीएसकडं येतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान माझं तिथंच झालंय. बोटीबोटींमध्ये नंबर दिले घेतले जातात, म्हणजे कुठं कातळ आहे, कुठं बुडालेलं काही आहे, त्याचे अक्षांश-रेखांश. एका मित्रानं फोनवर एक अडचणीची जागा सांगितली, शेवट होता "पंचेचाळीस, पन्नास". त्याच्या मशीनला ते पंचेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद होतं, माझ्या मशीनला पंचेचाळीस पूर्णांक पन्नास मिनिटं, मी तसंच टाकलं. दिसायला सारखं, पण ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, तर फरक पडला सहाशे मीटरच्या वर. मी म्हटलं अडचण दक्षिणेला आहे, आपण लांब उत्तरेला टाकू, आणि नेमकं तिच्या डोक्यावर जाळं टाकलं. निम्मं जाळं तिथंच राहिलं. मित्राची चूक नाही, माझी पण नाही म्हणता येणार, मशीन विकताना "नंबर कुठल्या पद्धतीत लिहायचा ते बघून घ्या" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर.

आणि हा घोळ फक्त आमच्या आपसातला नाही. हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी संस्थेकडून मासे कुठं मिळण्याची शक्यता आहे त्याची माहिती येते, उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल बघून काढलेली, मराठीत पण मिळते, चांगली सोय आहे, ढग असले की येत नाही तेवढं सोडा. पण त्यात नंबर असतात अंश, मिनिट, सेकंदात, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये, आणि बोटीवरचं मशीन बहुतेक वेळा अंश आणि दशांश मिनिटं, सागरी मैल आणि फूट यावर लावून येतं. ३७ किलोमीटर वाचून ३७ मैल गेलेले मला माहिती आहेत, डिझेल कोणाचं गेलं? मशीन घेतल्या दिवशीच मेनूत जाऊन हे सगळं एकसारखं करून घ्या आणि कोणता नंबर कोणत्या पद्धतीत आहे ते वहीत लिहा.

वही हवीच. माझं मशीन दुरुस्तीला दिलं होतं ते परत आलं तेव्हा आतले सगळे नंबर पुसलेले, विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअर टाकावं लागलं. नंबर म्हणजे नाखव्याची तिजोरी, माझे दोनशेच्या वर होते. मेमरी कार्डवर उतरवून घ्यायची सोय असलेलंच मशीन घ्या आणि कार्ड बोटीवर नाही, घरी ठेवा. बाबांच्या एका जुन्या मित्राच्या वहीत नव्वदच्या दशकातल्या हातातल्या जीपीएसचे नंबर होते, ते मी आनंदानं टाकले तर बरेचसे चुकत होते. मागाहून कळलं की मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायची, शंभर मीटरपर्यंत इकडंतिकडं. तेव्हा तेवढ्या जुन्या वहीचा नंबर आला तर आधी फिशफाइंडरनं आजूबाजूला फिरून तपासा. दोन्ही मशीन एकाच पडद्यावर असण्याचा फायदा इथं आहे. तोटा असा की डबा बंद पडला की दोन्ही गेले, त्यामुळं मी हातातलं एक साधं सेलवालं जीपीएस आणि होकायंत्र वेगळं ठेवतोच. डिसेंबर २०१७ ला ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या, मी तेव्हा कामानं तिकडं होतो, एका बोटीवर चढून बघितलं तर जीपीएस दोन, वेगवेगळ्या बॅटरीवर. मी विचारलं दोन कशाला, तर त्यांच्या तांडेलानं हाताचं एक बोट वर केलं, मग दुसरं आडवं केलं, भाषा येत नव्हती पण कळलं.

सरकार ट्रान्सपाँडर देतंय, ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हातून त्याची सुरुवात झाली, देशभरात एक लाख बोटींना बसवायचे आहेत. तो जरूर लावून घ्या, अडचणीत मेसेज जातो, हद्द ओलांडायला लागलात तर सांगतो. पण काही जण म्हणतात तो मिळाला आता जीपीएस कशाला. तो तुमचा ठावठिकाणा किनाऱ्याला सांगायला आहे, तुमच्या खाली कातळ आहे का ते त्याला माहिती नाही.

गावात काही जण असंही म्हणतात की या मशीननंच मासा संपवला. मी पूर्ण नाही म्हणणार नाही, पूर्वी न दिसणारा मासा आता दिसतो हे खरंच आहे. पण माझं मशीन फक्त बोटीखालचं बघतं आणि मी जाळं टाकून वाट बघतो. मोठ्या पर्ससीन बोटींवर सोनार, म्हणजे आवाजानंच शोधणारं मोठं मशीन, असतो, तो चहूबाजूला फिरून बघतो आणि आख्खा थवा वेढला जातो. वर एलईडी लावून मासा गोळा करणारे वेगळेच, २०१७ पासून त्याला बंदी आहे तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो. तेव्हा सगळ्यांना एका जाळ्यात घालू नका एवढंच.

माझं मागणं फार नाही. मत्स्यव्यवसाय खात्यानं जुलै महिन्यात प्रत्येक बंदरात एक दिवस असा ठेवावा की कोणीतरी जाणता माणूस येऊन वर ओढलेल्या बोटीला सेन्सर कुठं बसवायचा ते दाखवेल आणि चालू मशीनवर मराठीत शिकवेल, भाषण नको, हार नको. अनुदानाच्या यादीत मशीनसोबत सेन्सर आणि बसवण्याचा खर्च धरावा. आणि आपल्या लोकांनी दुकानात तीन गोष्टी अडून मागाव्या: बिलावर सेन्सरचं मॉडेल वेगळं लिहून द्या, बोट वर असताना बसवून द्या, आणि शेवटचे दहा हजार समुद्रात पूर्ण वेगात तळ दिसल्यावर देईन. मी फायबरच्या वेळी असंच केलं, दुकानदार कुरकुरला पण स्वतः बोटीवर आला, आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाला गाळावर खोली कमी झाल्याचा अलार्म वाजला तेव्हा माझ्याआधी तोच दचकला.

लाकडी बोट ३१ तारखेपर्यंत खाडीच्या काठावर वरच आहे. कोणाला ब्राँझचा दांडा आणि मिस्त्रींनी कापलेले ठोकळे खालून बघायचे असतील तर यावं, फक्त ओहोटीला या, भरतीला तिथं गुडघाभर चिखल असतो.

आपला वाचक,
एक नाखवा, हर्णै, ता. दापोली